आईचे नाव लावण्यापूर्वी

प्रश्न : मी चौथीत असताना माझे वडील गेले. त्यानंतर आईने सकाळी चार घरच्या पोळ्या आणि संध्याकाळी शिवणकाम करून मला इंजिनिअर केले. आता मी पुण्यात नोकरी करतो. ती नाशिकलाच राहते. तिच्यासाठी काहीही नेले की ‘कशाला खर्च केलास’ म्हणते आणि साडी घडीसकट ट्रंकेत जाते. आईचे नाव लावण्याचा शासनाचा नियम आल्यावर मीही माझ्या नावापुढे तिचे नाव लावायचे ठरवले, पण ती नाराज झाली. ‘लोक म्हणतील, बापाचे नाव पुसले,’ असे तिचे म्हणणे आहे. मी काय करावे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : प्रथम नियमाविषयी. राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये घेतलेला निर्णय १ मे २०२४ रोजी आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी आहे. आपल्याला तो बंधनकारक नाही. त्यातील क्रम मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा आहे, म्हणजे वडिलांचे नाव पुसले जात नाही. हे आईला शांतपणे सांगितलेत, तर निम्मी नाराजी तिथेच ओसरेल.

उरलेली निम्मी मात्र समजून घ्यावी लागेल. ऐन तारुण्यात वैधव्य आलेल्या बाईला रेशनच्या रांगेत, शाळेच्या कार्यालयात आणि भाड्याच्या घराच्या मालकासमोर ‘अमक्यांची बायको’ म्हणूनच उभे राहावे लागते, आणि ते नाव तिच्यासाठी दुःखाइतकाच आधारही असते. त्याच नावाने सह्या करत तिने तुम्हाला वाढवले. त्यामुळे तिचा गौरव म्हणून तुम्ही जे करू पाहता, ते तिला नवऱ्याच्या आठवणीला धक्का लावणारे वाटले, तर त्यात नवल नाही.

आपली आई नाशिकची आहे, म्हणून एक गोष्ट सुचवतो. तिला एकदा पांडवलेण्यांना घेऊन जा. (पायऱ्या बऱ्याच आहेत, गुडघ्यांची तयारी आधी विचारून घ्या.) तिथल्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्री या राजमातेचा शिलालेख आहे. नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या कारकिर्दीच्या एकोणिसाव्या वर्षी कोरलेल्या त्या लेखात तिने आपला मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी याचे पराक्रम सांगितले आहेत, आणि त्यांच्याच ओघात तो आईची अखंड सेवा करणारा होता, असेही नोंदवले आहे. मुलगा आणि नातू दोघेही आईच्या नावाने ओळखले गेले. त्यांना बापाचे नाव टाकल्याचा बोल कोणी लावला नाही. शासनाच्या परिपत्रकापेक्षा हा दाखला तिला अधिक पटेल, असा माझा अंदाज आहे.

तरीही माझे मत स्पष्ट आहे : ती मनापासून हो म्हणेपर्यंत अर्ज करू नये. साडीच्या बाबतीत जे घडले, तेच इथे घडते आहे. साडी तुम्ही निवडली, नावाचा बेतही तुम्हीच ठरवला. दोन्ही वेळा तिला विचारायचे राहून गेले. जिने वर्षानुवर्षे स्वतःच्या गरजा शेवटी ठेवल्या, तिला ‘तुला काय हवे’ असे एकदाच विचारून उत्तर मिळत नाही. दोन दिवस रजा घेऊन घरी राहा, तिच्या शेजारी बसून भाजी निवडा, आणि मग विचारा. कदाचित ती माहेरी चार दिवस राहण्याचे बोलेल, कदाचित शिलाई मशीन दुरुस्त करून दे म्हणेल. जे मागेल ते, आपल्याला क्षुल्लक वाटले तरी, तसेच्या तसे करावे.

ती राजी झाली, तर आणखी एक प्रश्न तिलाच विचारायचा आहे : कोणते नाव? लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहिलेले सासरचे नाव लावायचे, की आजी-आजोबांनी बारशाला ठेवलेले? अनेक घरांत मुलांना आईचे माहेरचे नाव धड ठाऊकही नसते. मात्र व्यवहारही पाहा. प्रौढ व्यक्तीला नावातील बदल महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात प्रसिद्ध करावा लागतो आणि त्याच्या आधारे आधार, पॅन, पारपत्र, बँक अशी एकेक नोंद बदलून घ्यावी लागते. तुमच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आईचे नाव छापलेले असेल, तर ते आधी काढून बघा. तिने निवडलेले नाव त्याहून वेगळे असेल, तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे तिचे प्रतिज्ञापत्र अर्जापूर्वीच करून ठेवलेले बरे.