फोटॉन गळत असताना टाइम क्रिस्टल टिकतो कसा?

तुम्ही विचारलंय, ‘आरशांतून फोटॉन (प्रकाशाचे कण) सतत बाहेर जात असतील तर टाइम क्रिस्टल टिकेल कसा? आधी ती गळती बंद करायला नको का?’ नको. गळतीमुळेच तो टिकतो. (टाइम क्रिस्टल म्हणजे बाहेरच्या तालाची नक्कल न करता स्वतःच्याच लयीत डोलत राहणारा कणांचा समूह.)

हाच प्रश्न एम.एससी.च्या सेमिनारला सरांनी मला विचारला होता, फक्त त्यांना उत्तर नको होतं. जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या हेमेरिश यांच्या संशोधन गटाचा 2021चा प्रयोग मी मांडत होतो. दोन आरशांमध्ये रुबिडियमचे अतिथंड अणू, बाजूने लेसरचा पंप, पंपाची तीव्रता ठरावीक तालात कमी-जास्त. अणू बुद्धिबळाच्या पटासारखे एकतर सगळे काळ्या घरांत नाहीतर सगळे पांढऱ्या घरांत जातात आणि दर ठेक्याला घरं बदलतात. मूळ जागी यायला दोन ठेके. इथे सर म्हणाले, “अहो, हा तर झोका! उभ्याने झोका चढवताना एका फेरीत दोनदा उठाबशी काढतातच की. आणि गळक्या भांड्यात कसलं क्वांटम?” वर्ग खो खो हसला. मी पुढची स्लाइड लावली, ती नेमकी उलटी आली.

तेव्हा सुचलं नाही ते आता सांगतो. झोक्यावर माणूस एकटा असतो. इथे आरशांमधला प्रकाश प्रत्येक अणूला बाकीच्या हजारोंची खबर देतो, म्हणून पंपाच्या तालात थोडी गडबड केली तरी दोन ठेक्यांची लय मोडत नाही. आणि पंप मारत राहिलं की अणू तापणारच. बाहेर जाणारा फोटॉन ती ऊर्जा आणि एन्ट्रॉपी (विस्कळीतपणा) घेऊन जातो. 2017मध्ये अमेरिकेत मेरीलँडला आयनांचा (विद्युतभारित अणूंचा) टाइम क्रिस्टल केला, त्यात हा रस्ता नव्हता, तिथे तापणं रोखायला डिसऑर्डर, म्हणजे मुद्दाम घातलेली अनियमितता, वापरली होती.

2022मध्ये त्याच हॅम्बुर्ग गटाने पंपाचा तालच काढून टाकला. पंप स्थिर, तरी लय उमटली, आणि दर प्रयोगात तिची फेज (लय कुठल्या क्षणी कुठल्या टप्प्यावर आहे ते) वेगळी. झोक्याला ताल देणारं तिथे कुणीच नव्हतं! तो पेपर मी सरांना मेल केला. उत्तर नाही.

हां, गळती हवी तेवढीच हवी. फार झाली तर लय उभीच राहत नाही. शिवाय अणू निसटत जातात, त्यामुळे प्रत्यक्षात सगळा खेळ काही मिलिसेकंदांचा. बरंचसं गणितही मीन-फील्डमध्ये, म्हणजे जवळपास क्लासिकल पद्धतीनेच सुटतं, तेवढ्यापुरते सर बरोबर होते. सेमिनार देणार असाल तर 2022चा फेजचा आलेख पहिल्याच स्लाइडवर टाका.