ग्रीक तत्त्वज्ञानाच्या मूळ कल्पना कोणत्या, आणि आज आपला त्यांच्याशी काय संबंध?

तुम्ही विचारलंय की प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञानाच्या मुळाशी नेमकं काय आहे, अडीच हजार वर्षांनंतर त्यातलं काय उरलंय, आणि वाचायला सुरुवात कुठून करावी. मी तत्त्वज्ञानाची अभ्यासक नाही. बरीच वर्षं नववी-दहावीला भूमिती शिकवतेय आणि त्याच वाटेने ग्रीकांपर्यंत पोहोचले, त्यामुळे उत्तरही त्याच वाटेने देते.

कोण काय म्हणाला याची यादी पाठ करून हाती फारसं लागत नाही. थेलीस म्हणाला सगळ्याचं मूळ पाणी, अ‍ॅनॅक्झिमिनीस म्हणाला हवा. दोघेही चुकले. तरी त्यांना वाचायचं ते मिलेटसमध्ये, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या त्या शहरात, इ.स.पू. सहाव्या शतकात जी सवय लागली तिच्यासाठी. थेलीसच्या मते पृथ्वी ओंडक्यासारखी पाण्यावर तरंगते. मग ते पाणी कशावर टेकलंय? त्याच शहरातला त्याच्या पुढच्या पिढीतला अ‍ॅनॅक्झिमँडर म्हणाला, पृथ्वी कशावरच टेकलेली नाही. ती सगळ्या बाजूंपासून सारख्याच अंतरावर आहे, मग तिने एका बाजूला सरकावं तरी का? सरकायला कारण नाही म्हणून ती जागच्या जागी आहे. हा युक्तिवाद मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले होते. आधीच्या माणसाचं म्हणणं मोडायचं, पण कारण देऊन मोडायचं, आणि आपलं म्हणणंही पुढच्याला मोडता येईल असं मांडायचं. माझ्या मते पहिली मूळ कल्पना ही.

दुसरी सॉक्रेटिसची, आणि तिच्यासाठी प्लेटोचा ‘मेनो’ हा संवाद बघाच. मेनो या श्रीमंत पाहुण्याबरोबर आलेल्या एका गुलाम मुलाला सॉक्रेटिस बोलावतो. मातीवर दोन फूट बाजूचा चौरस काढतो, क्षेत्रफळ चार. आणि विचारतो, याच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस हवा असेल तर बाजू किती घ्यायची? मुलगा बेधडक सांगतो, दुप्पट, चार फूट. काढून बघतात तर क्षेत्रफळ सोळा. मग तो म्हणतो तीन. ते येतं नऊ. हवेत आठ. मुलगा थांबतो आणि म्हणतो, खरंच, मला माहीत नाही.

इथे सॉक्रेटिस मेनोकडे वळून विचारतो, याला गोंधळात पाडून आपण याचं काही नुकसान केलं का? मघाशी याला वाटत होतं आपल्याला येतं. आता येत नाही हे कळलंय, म्हणून आता तो शोधायला लागेल. आणि मग सॉक्रेटिस चौरसाचे कर्ण काढत नेतो आणि मुलाला दिसतं: कर्णावर काढलेला चौरस बरोबर दुप्पट.

हाच प्रश्न मी दर वर्षी वर्गात फळ्यावर घालते. ‘बाजू दुप्पट’ हे उत्तर नेमाने येतं, मग तीन, आणि मग तीच शांतता. त्या शांततेत उत्तर सांगून टाकायचा मोह आवरायला मला फार वर्षं लागली. सॉक्रेटिसचं एक वाक्य तेव्हा कामी येतं. तो मुलाला म्हणतो, आकडा सांगायचा नसेल तर कोणत्या रेषेवर ते बोटाने दाखव. त्या बाजूचा नेमका आकडा मुलाला सांगता येणारच नव्हता, कारण ती लांबी अपरिमेय आहे, म्हणजे दोन पूर्ण संख्यांचा अपूर्णांक म्हणून लिहिताच येत नाही.

एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. कर्णाच्या दोरीवरचा चौरस दुप्पट असतो, हे आपल्याकडे बौधायनाच्या शुल्बसूत्रात स्पष्ट लिहिलेलं आहे, वेदी बांधण्याच्या संदर्भात. तेव्हा माहिती ग्रीकांचीच होती असं कुणी सांगितलं तर मानू नका. त्यांनी जे धरून ठेवलं ते सिद्ध करून दाखवण्याचं बंधन. इ.स.पू. 300 च्या सुमाराला युक्लिडने ते पायरी-पायरीने रचलं, आणि आपल्या पाठ्यपुस्तकात पक्ष, साध्य, सिद्धता लिहून प्रत्येक पायरीपुढे कंसात कारण द्यायला लावतात ती त्याचीच शिस्त. मुलं त्या कंसाला कंटाळतात. मी त्याचेही गुण कापते, कारण माझ्या लेखी खरं गणित तिथेच आहे.

अ‍ॅरिस्टॉटल प्लेटोच्या अकादमीत 20 वर्षं राहिला आणि तरी गुरूचा मुख्य सिद्धांत, म्हणजे दिसणाऱ्या वस्तूंच्या पलीकडे त्यांची परिपूर्ण रूपं असतात हा, त्याने नाकारला. मित्र आणि सत्य दोन्ही प्रिय असले तरी सत्याला आधी मान द्यायला हवा, असं त्याने लिहून ठेवलंय. कोंबडीच्या अंड्यात तिसऱ्या दिवसानंतर रक्ताच्या ठिपक्याएवढं हृदय जिवंत असल्यासारखं उडताना दिसतं, हे त्याने नोंदवलंय. बघून मग बोलायचं, ही तिसरी गोष्ट. जड वस्तू वजनाच्या प्रमाणात वेगाने पडते हे त्याचं म्हणणं मात्र चूक होतं. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या फिलोपोनसने ते अनुभवाच्या आधारे खोडलं आणि हजार वर्षांनी गॅलिलिओने कायमचं निकालात काढलं. मधल्या काळात बगदादेत हुनैन इब्न इसहाक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ग्रीक ग्रंथ सिरियाक आणि अरबीत आणले. बाराव्या शतकात स्पेनमधल्या तोलेदोला त्यातले बरेच अरबीतून लॅटिनमध्ये गेले. त्या अनुवादकांचं नाव या विषयात फार कमी घेतलं जातं, याचं मला वाईट वाटतं.

आणि एक गोष्ट मला अजून सलते. ‘मेनो’तल्या त्या मुलाला नाव नाही. प्रमेय समजल्यावरही तो गुलामच राहिला, आणि काही माणसं जन्मतःच गुलामीसाठी असतात असं अ‍ॅरिस्टॉटलने युक्तिवाद करून लिहिलं. कारणं मागणाऱ्या या माणसांनी ते कारण पुरेसं तपासलं नाही. त्या मुलाने सगळ्यांसमोर, कुणी न शिकवता विचार करून दाखवला होता, आणि त्याच संवादात तो पुढे कुठेच दिसत नाही. प्लेटोचा निष्कर्ष, की आत्म्याला हे जन्माआधीच माहीत होतं आणि मुलाला ते फक्त आठवलं, हाही मला पटत नाही. सॉक्रेटिसचे प्रश्न बरेच वाट दाखवणारे आहेत, तुम्हीच वाचून ठरवा.

सुरुवात ‘मेनो’पासूनच करा, तो लहान आहे. चौरसाचा भाग आला की वाचन थांबवा आणि कागदावर दोन सेंटिमीटर बाजूचा चौरस काढून दुप्पट करायचा प्रयत्न स्वतः करा. पुढचं पान त्यानंतर उलटा.