अंगणात येणाऱ्या सातभाईंचे चांगले फोटो कसे काढावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गुहागरजवळच्या घराच्या परसात रोज सातभाईंचा थवा येतो, क्रॉप सेन्सरच्या (म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्याला ५५-२५० मिमीची लेन्स आहे, पण फोटोत पक्षी मातकट दिसतात, डोळे नीट येत नाहीत आणि जरा पुढे सरकलं की सगळे उडून जातात.

शेवटच्या तक्रारीपासून सुरुवात करतो, कारण बाकीचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. थवा पातेऱ्यात (वाळक्या पानांच्या थरात) चरत असताना त्यातला एखादा बहुतेक वेळा वर बसलेला असतो: माडाच्या झावळीवर, गडग्यावर, कपडे वाळत घालायच्या दांडीवर. तो पहाऱ्यावर असतो, आणि खालचे निवांत खातात ते त्याच्या भरवशावर. तुम्ही जमिनीवरच्या पक्ष्यावर नजर ठेवून सरकता तेव्हा हा वरून तुमच्यावर नजर ठेवून असतो. त्याने आवाज दिला की खालचे थांबत नाहीत. म्हणून आधी पहारेकरी शोधा, मग कॅमेरा उचला. तो पंख साफ करतोय, अंग सैल सोडून बसलाय, तर ठीक चाललंय. मान ताणून एकटक बघायला लागला की जिथे आहात तिथेच थांबा.

खरं तर सरकूच नका. सातभाईंचा थवा वर्षभर आपला इलाखा धरून राहतो. आज तुमच्या परसात आलेलेच पक्षी उद्याही येणार. चार-पाच दिवस नुसतं बघा. कुंपणाच्या कुठल्या बाजूने शिरतात, न्हाणीच्या पाण्याच्या वाटेवर थांबतात की शेणखताच्या खड्ड्याकडे जातात, किती वाजता येतात. मग त्या वाटेपासून पाचेक मीटरवर, भिंतीला पाठ लावून, ते यायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी बसा. कपडे जुने, फिक्या मातकट रंगाचे असले की पुरे. जाळीदार आडोशाची गरज नाही, सातभाईंना माणसांची सवय असते. त्यांना बसलेला माणूस चालतो, त्यांच्याकडे सरळ चालत येणारा चालत नाही. पहिल्या एक-दोन खेपांना फोटो मिळाले नाहीत तरी जागा बदलू नका.

पाच मीटर का, तर २५० मिमीवर एवढ्या अंतरातून फ्रेमच्या रुंदीत साधारण ४५ सेंमी जागा मावते. सातभाई सुमारे २५ सेंमीचा, म्हणजे तो निम्म्याहून थोडी अधिक फ्रेम भरतो आणि शेपटी कापली जात नाही. मात्र एफ ५.६ ला (एफ म्हणजे लेन्सच्या छिद्राचं माप) या अंतरावर जेमतेम ८-९ सेंमी खोलीच स्पष्ट येते. एका पक्ष्याला तेवढी चालते. दोघं-तिघं शेजारी बसलेले हवे असतील तर एफ ८ वर जा (तिथे सुमारे १२ सेंमी मिळतात) आणि ते कॅमेऱ्याला आडवे, एका रेषेत येईपर्यंत थांबा.

आता मातकटपणा. पक्ष्याचा रंग राखी-तपकिरी, खाली जांभ्याची तांबडी माती आणि वाळका पातेरा. उभं राहून फोटो काढला की पक्ष्याच्या मागे हीच जमीन येते आणि तो तिच्यात मिसळून जातो. लेन्स त्याच्या डोळ्याच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १५-२० सेंमीवर आणा, की मागे दहा-पंधरा मीटरवरची पोफळी, केळी, हिरवळ धूसर होऊन येते आणि पक्षी सुटा दिसतो. त्यासाठी तिकाटणं (ट्रायपॉड) नको. जाड कापडाच्या पिशवीत दोन किलो तांदूळ किंवा वाल भरून तोंड शिवून टाका, लेन्स त्यावर टेकवा. भाताचं तूस भरू नका, ते हलकं असतं आणि लेन्स डुलते.

जमिनीवर बसण्या-झोपण्याआधी एक काम न चुकता करा: काठीने पातेरा आणि आजूबाजूचे दगड ठोका, मग चटई टाका. रत्नागिरीच्या कातळावर आणि वाडीत फुरसं सर्रास असतं, वाळक्या पानांत ते दिसत नाही. थवाही इथे उपयोगी पडतो. सगळे एकाच जागी खाली बघत, पंख फडकवत कर्कश ओरडायला लागले की तिथे साप, मुंगूस किंवा मांजर आहे असं धरून चाला. हा गोंधळ दुरूनच टिपा.

उजेड सकाळी सात ते साडेनऊ आणि संध्याकाळी साडेचारनंतरचा घ्या. भर दुपारी माडाखाली उन्हाचे कवडसे पडतात, अर्धा पक्षी पांढरा आणि अर्धा काळा येतो. त्यावर नंतर इलाज नाही. ढगाळ दिवस सातभाईंना सगळ्यात चांगला. व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) ऑटोवर ठेवलात तर तांबडी माती बघून कॅमेरा सगळं निळसर करतो, पोफळीखाली हिरवी झाक वेगळी. तो ‘ढगाळ’वर पक्का ठेवा आणि रॉ फाईल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाईल) घ्या.

डोळ्यांचं म्हणाल तर मोठ्या सातभाईची बुब्बुळं फिकट पांढरट असतात. आजूबाजूचा भाग गडद असला, की कॅमेरा फोटो उजळ करायला जातो आणि नेमका हा डोळा जळतो, मग आत फक्त काळा ठिपका उरतो. पोफळीच्या सावलीत एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) उणे ०.३ ते उणे ०.७ ठेवा. फोकसचा एकच बिंदू निवडून डोळ्यावर ठेवा. अंगावरची राखी पिसं एकसारखी असल्याने तिथे फोकस चाचपडत राहतो, फिका डोळा आणि काळी बाहुली यांच्यावर तो चटकन बसतो. शटर उड्या मारणाऱ्या पक्ष्याला १/१००० सेकंद, निवांत बसलेल्याला पिशवीच्या आधाराने १/३२० पुरतं. आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ऑटो, कमाल ३२००. फोटोत थोडा दाणेदारपणा आलेला परवडतो, हललेला डोळा परवडत नाही.

या पक्ष्याला रंगच नाही असं मानू नका. कोकणपट्टीत आणि सह्याद्रीच्या उत्तर भागात दिसणारी सातभाईची उपजात पक्षी-अभ्यासक साइक्सने १८३२ मध्ये नोंदवली. तिची शेपटी चांगलीच तांबूस आणि पंखांची टोकं गडद असतात. पक्ष्याच्या पाठीमागून तिरपं ऊन आलं आणि त्याने शेपटी पसरली की हा तांबूस रंग पेटून उठतो. शेपटी पसरते ती उतरताना आणि भांडताना.

उडतानाचा फोटोही वाटतो तितका अवघड नाही. सातभाई एकदम उडत नाहीत. एक जातो, मग त्याच वाटेने दुसरा, तिसरा; चार-दोन फडफडाटी आणि मग पंख पसरून खालून तरंगत जाणं. पहिल्याच्या मागे लागू नका. तो जिथून गेला त्या जागेवर आधीच फोकस लावून १/२००० ला तिसऱ्या-चौथ्याची वाट बघा.

बघण्यासारखं खरं काम मात्र जमिनीवर चालतं. सातभाई पान पायाने उकरत नाही. चोच पानाखाली घालतो, मानेला झटका देऊन ते बाजूला भिरकावतो आणि त्याच क्षणी मान वाकडी करून एका डोळ्याने खालची जागा तपासतो. फोटो त्या तपासण्याच्या क्षणाचा घ्या, तेव्हा डोकं स्थिर असतं आणि पान अजून हवेत असतं. पाच-सहा फ्रेम सलग घेतल्या तर एक मिळते.

दुपारी थवा फांदीवर अंगाला अंग लावून बसतो. एकजण मान खाली घालून मानेची पिसं फुलवतो, शेजारचा चोचीने ती एकेक करून साफ करतो. स्वतःची चोच पोहोचत नाही तिथेच हे चालतं. त्या वेळी पहारा ढिला असतो, दोन-तीन मीटर जास्त जवळ बसता येतं.

थव्यात गडद डोळ्यांचा पक्षी दिसला तर तो यंदाचं पिल्लू. एका घरट्यासाठी अनेक मोठे पक्षी राबतात. आई-बापांशिवाय आधीच्या विणीतली पोरंही चारा आणतात. पक्षी-अभ्यासक ए. जे. गॅस्टन यांनी १९७० च्या दशकात दिल्लीतल्या थव्यांचा हा संसार बारकाईने अभ्यासला. याच व्यवस्थेचा फायदा पावशा आणि चातक घेतात, ते आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात घालतात. सातभाईची अंडी निळी, त्यांचीही निळीच. पावसाच्या सुमारास पावशाचं ‘पेरते व्हा’ ऐकू येत असेल तर पुढच्या आठवड्यांत थव्यावर लक्ष ठेवा: छातीवर गडद ठिपके-रेघा असलेलं मोठं पिल्लू चोच उघडून बसलेलं आणि सातभाई त्याला अळ्या भरवताहेत, असं दृश्य परसातच मिळू शकतं. घरटं सापडलं तर फांद्या बाजूला करून फोटो काढू नका, कावळ्यांना वाट मोकळी होते. अंडी-घरट्यांना त्रास देणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यातही बसत नाही. मोबाईलवर त्यांचा आवाज लावून बोलावणंही नको, ते घुसखोर आला समजून चारा सोडून धावतात.

बोलवायचंच असेल तर परसाचा एक कोपरा झाडू नका. दोन मीटर लांब-रुंद जागेत फणस-आंब्याचा पातेरा बोटभर जाडीचा राहू द्या, जाळू नका; त्याखाली वाळवी, नाकतोडे, कोळी वाढतात. शेव, पाव, खारवलेलं काही टाकायची गरज नाही. पाण्यासाठी मातीची पसरट परळ, पाणी तीन-चार सेंमी, मध्ये एक खरबरीत दगड. पाणी रोज बदला, नाहीतर डास होतात. मांजर दबा धरेल अशा झुडपाला चिकटून परळ ठेवू नका. फक्त मोबाईल असेल तर तो परळीपासून मीटरभर अंतरावर दगडाला टेकवून ठेवा, पडद्यावर बोट दाबून फोकस आणि उजेड पक्का करा आणि व्हिडिओ चालू करून दूर जा. दारात गाडी असेल तर आरशांवर कापड घाला, सातभाई स्वतःच्या प्रतिबिंबाशी तासन्‌तास झुंजतात.

पिल्लांचे बरेच फोटो पावसाळ्यातच मिळतील, आणि कोकणातल्या दमट हवेत लेन्सला बुरशी धरायला वेळ लागत नाही. लेन्स चामड्याच्या पाकिटात ठेवू नका. हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक टाका, काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. एसीच्या खोलीतून बाहेर नेताना कॅमेरा अर्धा तास बंद पिशवीतच राहू द्या, नाहीतर थवा समोर असताना काच धुक्याने भरलेली असते.