जिना उतरताना उजवा पाय आधी

*ताई, मुलगी सोळा वर्षांची, कबड्डीत चढाईपटू. सहा महिन्यांपूर्वी उजव्या गुडघ्यातल्या एसीएलचं, म्हणजे हाडं बांधून ठेवणाऱ्या लिगामेंटचं, ऑपरेशन झालं. तिसऱ्या महिन्यात नीट चालू लागली म्हणून फिजिओ बंद केला. पुढच्या महिन्यात जिल्ह्याची निवड चाचणी आहे, पण सरावाचं नाव काढलं की पोटात दुखतं म्हणून रडते. जिनासुद्धा एकेक पायरी, उजवा पाय आधी टाकत उतरते. सर म्हणतात, मनातली भीती काढा. तिला कणखर कसं करू?*

दादा, कणखरपणाचं राहू द्या, जिन्याकडे बघा. उजवा पाय आधी खाली टाकला की अंगाचा भार हळूहळू खाली सोडायचं काम वरच्या पायरीवरचा डावा पाय करतो. म्हणजे उजव्या मांडीचा पुढचा स्नायू अजून एका पायरीचा भार घ्यायला तयार नाही. आणि त्याच पायावर तिने बोनस घेऊन झटक्यात वळायचं? रडेल नाही तर काय करेल पोर!

नुसतं चालायला ताकद फार कमी लागते. बसवलेला नवा लिगामेंट आत मुरून घट्ट व्हायला कित्येक महिने लागतात, दुखणं मात्र त्याच्या खूप आधी थांबतं. घरचे फसतात ते इथेच. नऊ महिन्यांच्या आत मैदानात उतरलं तर गुडघा पुन्हा जायचा धोका बराच वाढतो, आणि कोवळ्या वयात तो मुळातच जास्त असतो.

आज रात्रीच सरांना फोन करून तिचं नाव मागे घ्या. फोन तुम्हीच करायचा. तिला एवढंच सांगा, "निर्णय माझा आहे." पोटदुखीच्या आड लपायची वेळ तिच्यावर पुन्हा आणू नका.

उद्या फिजिओकडे. दोन्ही मांड्यांची ताकद मोजून घ्या. मैदानात परतायचं तर उजवी डावीच्या किमान ९० टक्के हवी, एका पायावरच्या लांब उड्यांतही तेवढीच. त्यांनी हो म्हटलं तर घरी एक दिवसाआड हा व्यायाम: १० सेंमी उंच पाटावर उजव्या पायावर उभं राहून डावी टाच सावकाश जमिनीला टेकवायची, दहा वेळा, आरशासमोर. गुडघा आत झुकायचा थांबला की उंची २० सेंमी. सूज आली तर त्या दिवशी बंद. मनाची तयारी तपासायला एसीएल-आरएसआय नावाची १२ प्रश्नांची प्रश्नावली असते. ती तिने फिजिओसमोर भरावी, तुम्ही बाहेर थांबा.

चाचणीचं ओझं उतरूनही दोन आठवड्यांत झोप, जेवण जागेवर आलं नाही, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.