वर्क परमिटवर कॅनडात (ब्रिटिश कोलंबिया) गेल्यावर शिकारीचा परवाना मिळतो का? पीआरची (कायमस्वरूपी वास्तव्याच्या परवानगीची) वाट पाहावी लागते का?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही कोल्हापूरचे, ऑगस्टमध्ये वर्क परमिटवर ब्रिटिश कोलंबियात जाताय, आजोबांची बंदूक घरात आहे, आणि तिथे हरणाची शिकार कायदेशीर आहे हे ऐकल्यापासून डोक्यात किडा वळवळतोय. मी त्याच प्रांतात कामलूप्सला राहतो, मूळचा कुडाळकडचा. हाच किडा माझ्याही डोक्यात होता आणि त्यापायी माझा एक अख्खा हंगाम हुकला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पीआर नसला तरी परवाना मिळतो. पण शिकारीच्या कायद्यात ‘रहिवासी’ या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. इमिग्रेशनवाल्यांचा रहिवासी वेगळा, इन्कम टॅक्सवाल्यांचा वेगळा आणि वाइल्डलाइफ अ‍ॅक्टमधला तिसराच. या तिसऱ्यात दोन रांगा आहेत. नागरिक किंवा पीआर असाल, तर मुख्य घर बीसीत (ब्रिटिश कोलंबियात) हवं आणि मागच्या 12 महिन्यांपैकी 6 महिने असे हवेत की त्या प्रत्येक महिन्याचा निम्म्याहून जास्त काळ तुम्ही प्रांतात हजर होतात. वर्क परमिटवाले असाल, तर हीच अट मागच्या बाराच्या बारा महिन्यांना लागू होते. प्रत्येक महिना, एकही सूट नाही.

माझी फजिती इथेच झाली. मी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पोहोचलो. पुढच्या मे महिन्यात बहिणीचं लग्न होतं. वीस दिवसांची रजा काढली आणि ती सगळी मेमध्येच घेतली, कारण तिकीट तसं स्वस्त पडत होतं. म्हणजे मे महिन्यात मी बीसीत जेमतेम अकरा दिवस. तो महिना बाद, आणि त्याबरोबर आधीचे नऊही पाण्यात, कारण ‘मागचे सलग 12’ आता जूनपासून पुन्हा मोजायचे. हेच लग्न 22 मे ते 10 जून असं धरून गेलो असतो तर दोन्ही महिन्यांत वीस-एकवीस दिवस हजेरी लागली असती आणि कसलाच घोळ झाला नसता. तेवढेच वीस दिवस, फक्त महिनाअखेरीच्या दोन्ही बाजूंना वाटलेले. दिवाळीला घरी जाणार असाल तर कॅलेंडर पुढ्यात घेऊन तिकीट काढा. पुढे जानेवारीत माझा पीआर आला, रांग बदलली, सहा महिने आधीच भरलेले होते, म्हणून मोकळा झालो. पण तोवर हरणांचा हंगाम संपला होता.

रहिवासी होण्याआधी काहीच करता येत नाही असं नाही. पण हरीण, मूस (हरणाच्याच कुळातलं धिप्पाड जनावर), अस्वल ही मोठी जनावरं मारायची तर परवानाधारक गाइड लागतो, किंवा ज्याने तुम्हाला सोबत न्यायची खास परवानगी काढली आहे असा तिथला रहिवासी. गाइडचा खर्च हौसेच्या पलीकडचा असतो. थांबलेलं बरं.

थांबायचे ते दिवस मात्र वाया घालवू नका. दोन वेगळे कागद लागतात आणि नवीन माणूस ते हमखास एकच समजतो. एक केंद्र सरकारचा, बंदूक बाळगण्याचा. त्याला सगळे पॅल म्हणतात. त्यासाठी सुरक्षेचा कोर्स, लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा, 80 टक्क्यांना पास. अर्ज केल्यावर पहिल्यांदा परवाना घेणाऱ्याला किमान 28 दिवस थांबावंच लागतं, प्रत्यक्षात त्याहून जास्त. अर्जावर बायकोची सही मागतात. तिने नाही केली तरी तिला कळवतातच. (आमच्या घरी या सहीवरून पंधरा दिवस बोलणी चालली होती.) माझ्याकडून भारतातल्या पोलिसांचा दाखलाही मागितला होता. तो कॅनडातून मागवताना हेलपाटे पडतात, निघण्याआधीच काढून ठेवा.

दुसरा कागद प्रांताचा. त्यासाठी कोअर नावाचा शिकाऱ्यांचा कोर्स करायचा. त्यात कायदा, प्राणी-पक्षी ओळखणं, रानात हरवलात तर काय, बंदूक हाताळणं असं सगळं येतं. मग तुमचा एक शिकारी क्रमांक निघतो आणि त्यावर दर वर्षी परवाना घ्यायचा. हे वर्ष आपल्या आर्थिक वर्षासारखं 1 एप्रिल ते 31 मार्च. शिवाय मोठ्या जनावरांत प्रत्येक जातीचा परवाना निराळा. काही भागांतल्या मूससाठी तर लॉटरी असते, नाव निघालं तरच जायचं. बंदुकीच्या भानगडीत पडायचं नसेल तर धनुष्य आहे. त्याला पॅल लागत नाही, पण मोठ्या जनावरासाठी धनुष्याच्या दोरीची ओढ किमान 18 किलोची हवी आणि कोअर सुटत नाही.

आजोबांची बंदूक घरीच राहू द्या. आपला भारतातला शस्त्रपरवाना तिथे निरुपयोगी, आणि ती नेण्याच्या खटपटीत लागणाऱ्या वेळात तिथे साधी रायफल घेऊन होते. फ्लॅटमध्ये राहणार असाल तर कुलपाचं कपाट आधी घ्या. बंदूक रिकामी, कुलपात, गाडीतही रिकामीच. निष्काळजीपणे ठेवलेली बंदूक हा तिथे फौजदारी गुन्हा आहे, वन खात्याचा दंड भरून सुटलो असं होत नाही.

आता थोडं मनातलं. तुमचा-माझा जन्म 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतरचा. कोल्हापूरचे महाराज पाळीव चित्ते सोडून काळवीट धरायचे ते आपण फोटोत पाहिलंय. आमच्याकडे रानडुकराचा हाकारा आणि मग वाडीभर वाटे, हेही आजोबांच्या तोंडूनच ऐकलेलं. त्यामुळे शिकार म्हणजे एक तर राजेशाही नाही तर चोरी, असं आपल्या मनात बसलेलं असतं. तिथे ती बऱ्यापैकी कंटाळवाणी, कागदावर चालणारी गोष्ट आहे. पहाटे किती वाजता बार काढता येतो तेही ठरलेलं: मोठ्या जनावरासाठी सूर्योदयाआधी एक तास ते सूर्यास्तानंतर एक तास. घर, शाळा, चर्च यांच्यापासून 100 मीटरच्या आत नाही. गाडीतून नाही. जनावर पडलं की त्याला हात लावण्याआधी त्या जातीचा परवाना तिथल्या तिथे रद्द करायचा. हरणाची किंवा मूसची शिंगं घेऊन मांस रानात टाकून आलात तर गुन्हा. चारही पाय आणि पाठीचं खाण्याजोगं मांस घरी, शीतगृहात किंवा खाटकाकडे पोहोचलंच पाहिजे. एका मूसचं मांस वाहणं म्हणजे काय ते पहिल्यांदा वाहिल्यावरच कळतं. विकायचं तर नावच काढू नका. वाटे घालता येतात, पण वाटा नेणाऱ्यापाशी कोणी, काय, कधी दिलं याची चिठ्ठी असू द्या. वाटेत अधिकारी गाडी थांबवून शीतपेटी उघडायला सांगतो तेव्हा ती चिठ्ठीच कामी येते.

आणखी एक. तिथे भेटणारा एखादा आदिवासी मित्र परवान्याशिवाय शिकार करताना दिसेल. आपल्या पारंपरिक भूभागात अन्नासाठी शिकार करण्याचा त्यांचा तो हक्क आहे. त्याच्यासोबत गेलात म्हणून तुम्हाला तो लागू होत नाही. त्याने “चल रे, काही होत नाही” म्हटलं तरी.

बोर्डिंग पास फेकू नका, घरभाड्याचा करार जपा आणि प्रांताचं ड्रायव्हिंग लायसन्स लवकर काढा. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात उतरलात तर पहिला महिनाही धरला जातो. वीस तारखेनंतर उतरलात तर मोजणी सप्टेंबरपासून, म्हणजे पुढच्या वर्षीचा सप्टेंबर उजाडेपर्यंत थांबायचं. तिकीट अजून काढलं नसेल तर एवढं बघून काढा.