पापणी पडतेय? बाहुलीपण बघा

प्रश्न : सासूबाई ६२ वर्षांच्या, शुगर आहे. महिनाभर झालं, संध्याकाळी सिरियल बघता बघता डावी पापणी अर्ध्यावर येते, सकाळी एकदम नॉर्मल. मधूनच दोन-दोन दिसतं म्हणतात. घरचे म्हणतात वय झालं. डोळ्यांचे डॉक्टर की मेंदूचे, कुणाकडे नेऊ?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, वयानं पापणी सैल पडते हे खरं, पण ती अशी वेळ बघून पडत नाही. सकाळी ठीक, दिवस कलला की जड आणि वर डबल दिसणं, हे ऐकलं की पहिला संशय मायस्थेनिया ग्रॅव्हिसचा. यात शरीरानंच तयार केलेल्या अँटिबॉडीज नसेचा निरोप स्नायूपर्यंत नीट पोचू देत नाहीत, म्हणून स्नायू वापरला की दमतो. ओपीडीत आम्ही पेशंटला मिनिटभर छताकडे बघायला लावतो, पापणी हळूहळू घसरत येते, मग डोळा मिटून वर दोन मिनिटं बर्फाची पिशवी, आणि उघडल्यावर पापणी चांगली वर आलेली दिसली की संशय बळावतो. पुढे रक्ताची अँटिबॉडी टेस्ट (आजार फक्त डोळ्यांपुरता असेल तर ती बऱ्याचदा निगेटिव्ह येते, तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका) आणि या आजाराशी संबंध असलेल्या थायमस ग्रंथीसाठी छातीचा सीटी. पायरिडोस्टिग्मिनच्या गोळीनं बऱ्याच जणांना फरक पडतो. मेडिकलमधून परस्पर अँटिबायोटिक मात्र आणू नका, सिप्रोफ्लॉक्सासिन, अझिथ्रोमायसिनसारख्यांनी हा आजार उसळतो. घास गिळताना अडकला किंवा दम लागला तर थेट हॉस्पिटल.

आता बाहुली, म्हणजे डोळ्याच्या मधोमधचा काळा ठिपका. मायस्थेनियात ती बिघडत नाही. पडलेल्या पापणीखालची बाहुली दुसरीपेक्षा मोठी असेल, त्यात डोकं दुखत असेल, तर मेंदूतल्या रक्तवाहिनीचा फुगा तिसऱ्या नसेवर (पापणी उचलणारी, डोळा हलवणारी नस) दाब देत असू शकतो, त्याच दिवशी अॅडमिट करा. शुगरनंही ही नस जाते, तेव्हा बाहुली सहसा वाचते आणि तीनेक महिन्यांत सुधारतं, पण हा निवाडा घरी करायचा नाही. उलट पापणी जराशीच खाली आणि बाहुली बारीक, हा हॉर्नर सिंड्रोम. यात बिघडणारी नस वेगळी, ती मेंदूतून छातीच्या वरच्या टोकापर्यंत उतरते आणि मानेतून परत वर येते, म्हणून आम्ही छातीचा फोटो सांगतो आणि नातेवाईक वैतागतात, डोळ्यासाठी छाती कशाला! अचानक मान दुखून असं झालं तर तीही इमर्जन्सी.

(पापणी ठीक, नुसती एक बाहुली मोठी, असे पेशंट आले की पूजेसाठी धोतरा तोडून डोळा चोळला का हे मी आधी विचारतो, त्याच्या रसानंही बाहुली मोठी होते.)

तर न्यूरोलॉजिस्टकडे, म्हणजे मेंदूच्या डॉक्टरांकडे न्या, याच आठवड्यात. जाताना सकाळचा आणि संध्याकाळचा फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा, कारण सकाळची अपॉइंटमेंट मिळाली तर पापणी हमखास नॉर्मल असणार.