वरच्या वातावरणाचं स्पेस वेदर (सूर्यामुळे अंतराळात होणारे बदल) मॉडेल बरोबर चालतंय का, हे तपासतात कसं?

उपग्रहाने मोजलेल्या घनतेशी ताडून बघतात, म्हणजे त्याच वेळी, त्याच जागी, त्याच उंचीवर मॉडेल हवा किती दाट सांगतंय आणि प्रत्यक्षात किती निघाली, ह्याचा भागाकार करायचा, १ च्या जवळ आला तर मॉडेल ठीक. चॅम्प आणि ग्रेस उपग्रहांवर ॲक्सिलरोमीटर (वेगातला बारीक बदल मोजणारं यंत्र) होते, साधारण ३०० ते ५०० किमीवरची विरळ हवा उपग्रहाला जो बारीकसा ब्रेक लावते तो त्यात पकडला जायचा, त्यावरून घनता काढली. पण नुसती वर्षाची सरासरी बघू नका, शांत दिवसांत मॉडेल सहज पास होतं, खरा कस लागतो भूचुंबकीय वादळात (सूर्याकडून आलेल्या झोताने पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ढवळतं, वरची हवा तापून फुगते), तेव्हा हे वेगवेगळं तपासा:

- घनता किती वाढली
- किती तासांनी वाढली
- नंतर किती लवकर उतरली (नायट्रिक ऑक्साइड उष्णता बाहेर टाकतो त्यामुळे हवा कधीकधी आधीपेक्षाही थंड पडते, इथे मॉडेलं हमखास चुकतात)

फेब्रुवारी २०२२ मध्ये वादळ किरकोळच होतं, तरी सुमारे २१० किमीवर नुकतेच सोडलेले स्टारलिंकचे ४९ पैकी जवळपास ४० उपग्रह हवेच्या वाढलेल्या ब्रेकमुळे खाली येऊन नष्ट झाले, म्हणून ही तपासणी मला फार महत्त्वाची वाटते.

एक मात्र लक्षात ठेवा, ही 'मोजलेली' घनतासुद्धा ड्रॅग कोइफिशंट (हवा उपग्रहाला किती अडवते ते सांगणारा आकडा) गृहीत धरूनच काढलेली असते, तो बदलला की उत्तर बदलतं, आणि ज्या डेटावर मॉडेल बसवलंय त्याच डेटावर तपासलं तर ती तपासणीच नाही.